बँड टिकवायचा असेल तर पहिल्या महिन्यातच काय ठरवून घ्यायचं

नाशिकमध्ये चांगलं वाजवणाऱ्या मुलामुलींची वानवा कधीच नव्हती. गंगापूर रोडला आमच्या बंगल्याच्या तळमजल्यावर मी जॅमरूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, चालवते, तासावर भाड्यानं देते, आणि स्वतः बेस वाजवते. इथं येणारे बँड फुटतात ते सुरात कमी पडले म्हणून नाही. फुटतात ते पैशावर, नावावर आणि 'हे परस्पर कोणी ठरवलं?' या प्रश्नावर. म्हणून नवा बँड आला की मी आधी त्यांना आर.ई.एम. या अमेरिकन बँडबद्दल सांगते. गाणी ऐकालच, पण ही माणसं एकत्र कशी राहिली ते आधी समजून घ्या, असं माझं म्हणणं असतं.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं पुरे: जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. पीटर बक तिथं रेकॉर्डच्या दुकानात कामाला, मायकल स्टाइप त्याच दुकानातलं गिऱ्हाईक, आणि दोघांच्या आवडीच्या रेकॉर्ड्स त्याच निघाल्या. माइक मिल्स आणि बिल बेरी हे मेकनच्या शाळेपासूनचे सोबती. गिटार, गाणं, बेस आणि ड्रम्स असे चौघं जमले. ५ एप्रिल १९८० ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, वापरातून गेलेल्या एका चर्चमध्ये त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. २१ सप्टेंबर २०११ ला त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं. मधल्या ३१ वर्षांत १५ स्टुडिओ अल्बम झाले, आणि शेवटी एकमेकांवर चिखलफेक झाली नाही.

हे नशिबानं होत नाही. त्यांनी काही गोष्टी पैसा यायच्या आधी ठरवल्या होत्या. त्या तुम्हालाही ठरवता येतात.

गाण्यावर नाव कोणाचं

सगळ्यात आधी हे, कारण सगळ्यात जास्त जखमा इथंच होतात.

आर.ई.एम.च्या स्वतःच्या गाण्यांवर चौघांची नावं असायची: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. इंग्रजी अक्षरक्रमानं, दरवेळी. चाल कोणी आणली, कोणाची ओळ जास्त आवडली, याचा हिशोब नाही. आणि वाटे समान.

मुलं लगेच म्हणतात, "ताई, पण शब्द तर गाणाराच लिहितो ना?" हो, स्टाइपच लिहायचा. बाकीचे तिघं संगीत तयार करून त्याच्या हातात द्यायचे आणि तो त्यावर शब्द बसवायचा. म्हणजे शब्दांचा वेगळा वाटा मागायला त्याला पुरेशी जागा होती. पण दुसरी बाजू बघा. १९९२ चा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हा अल्बम घ्या. त्यातलं 'एव्हरीबडी हर्ट्स' हे गाणं मुख्यतः बिल बेरीनं आणलं होतं. म्हणजे ड्रमरनं. आणि त्या गाण्याचा ताल बराचसा ड्रम मशीनवर चालतो. 'तू यात वाजवलंस किती' असा हिशोब धरला असता तर ज्यानं गाणं आणलं त्यालाच कमी मिळालं असतं. आपल्या आल्बममध्येही असं एक गाणं कधीतरी येणारच असतं, फक्त कोणाकडून येईल ते आज सांगता येत नाही.

समान वाट्याचा खरा फायदा पैशाचा नसून गाणं निवडण्याचा आहे. नाव ज्याचं त्याला पैसे असा नियम असेल, तर प्रत्येक जण स्वतःचंच गाणं पुढं रेटतो. सगळ्यांची नावं सगळ्यांवर असली की चांगलं गाणं निवडण्यातच सगळ्यांचा फायदा. माझ्या रूमच्या भिंती फार जाड नाहीत, आत काय चालतं ते मला ऐकू येतं. दोन गिटारवाले आपापल्या रिफसाठी, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीसाठी, अर्धा तास भांडतात, आणि बेसवाला कोपऱ्यात फोन बघत बसतो, तेव्हा त्या बँडचा वाट्याचा नियम काय असेल हे मला विचारावं लागत नाही.

आता करायचं काय? एक वही घ्या. प्रत्येक नव्या गाण्याला एक पान. वर गाण्याचं नाव, तारीख, खाली सगळ्यांची नावं, प्रत्येकाचा टक्का आणि सह्या. फोनवरचा मेसेज चालेल का, असं विचारतात. वहीच ठेवा, आणि पानाचा फोटो सगळ्यांकडे असू द्या. पुढं गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे, म्हणजे आयपीआरएसकडे, गाणं नोंदवायची वेळ आली की कोणाचा किती वाटा हे तिथं भरावंच लागतं. त्या दिवशी ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

आपल्या कायद्यातली एक गोष्ट मुद्दाम माहीत असू द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क त्यांनी कंपनीला सही करून सोडून देता येत नाही. चांगली तरतूद आहे. पण ती गीतकार आणि संगीतकार म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांच्यासाठी. तुमचा ड्रमर नुसता 'वादक' म्हणून लिहिला गेला तर या वाटपात त्याला जागा नाही. म्हणून वहीचं पान.

एक अपवाद मी मान्य करते. मराठी बँडमध्ये बऱ्याचदा शब्द बाहेरच्या कवीमित्राचे असतात. त्याला बँडच्या समान वाटपात ओढू नका. शब्दांचा वाटा त्याचा, पूर्ण त्याचा, आणि उरलेल्या संगीतात बँड समान. आधी सांगा, पानावर त्याचीही सही घ्या.

पैसे कोणाच्या फोनवर येतात

आपल्याकडचा सीझन म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च. गंगापूर धरणाकडची रिसॉर्ट्स आणि वाइनरी, कॉलेजची गॅदरिंग, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम. अ‍ॅडव्हान्स येतो तो ज्यानं फोन उचलला त्याच्या यूपीआयवर, आणि बॅलन्स आठवड्यानं येतो किंवा येतच नाही. तोवर त्यातून स्ट्रिंग्स आलेल्या असतात, टेम्पोचं भाडं गेलेलं असतं, आणि कोणाला किती हे कोणालाच धड माहीत नसतं.

पहिलं मानधन यायच्या आधी बँडचं वेगळं खातं काढा. दोघांच्या सहीचं असलं तर उत्तम. त्यात आलेल्या पैशातून आधी कार्यक्रमाचा खर्च: गाडी, साउंड, जेवण, रूमचं भाडं. मग एक ठरलेला हिस्सा बँडसाठी बाजूला. पाच जणांचा बँड असेल तर सहा वाटे करा, सहावा बँडचा. उरलेलं समान. ज्याच्या घरचा अ‍ॅम्प वापरला जातो त्याला त्याचं भाडं खर्चात द्या, पण त्यासाठी मानधनात जास्त वाटा देऊ नका. हा फरक फार महत्त्वाचा आहे. अ‍ॅम्प उद्या विकला जाईल, वाढवलेला वाटा मात्र परत कमी होत नाही.

कागदावर काहीच नसेल आणि तुम्ही भागीदारीत काम करत असाल, तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा-तोटा समान धरतो. तरी साधा करार करून घ्या. आर.ई.एम.ला बर्टिस डाउन्स मिळाला होता, अथेन्समध्ये कायदा शिकणारा त्यांचा चाहता. तो त्यांचा वकील झाला, पुढं मॅनेजरचं कामही त्यानं सांभाळलं, आणि शेवटपर्यंत राहिला. तुमच्या ओळखीत विधी महाविद्यालयात शिकणारं कोणीतरी असेलच, सीए करणारं तर नक्की असेल. बँडमधल्या सहाव्या माणसासारखं त्यांना आत्ताच सोबत घ्या. मोठ्या वकिलाची फी भरण्याइतके पैसे येतील तेव्हा त्यांचाच अनुभव वाढलेला असेल.

"ताई, अजून एक रुपया आला नाही, वाटायचं काय?" हे मी नेहमी ऐकते. म्हणूनच आज ठरवा. १९९६ मध्ये आर.ई.एम.नं वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीबरोबर नवा करार केला, आणि तो आठ कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. एवढी रक्कम समोर असताना वाटे ठरवायला बसणं कोणालाही जड गेलं असतं. त्यांना बसावंच लागलं नाही.

एकाचं 'नाही' पुरेसं

समान वाट्यानंतर आर.ई.एम.चा दुसरा नियम: मोठा निर्णय सगळ्यांच्या होकारानंच. एकाला जरी पटलं नाही तर ती गोष्ट करायची नाही.

पाच जणांच्या बँडमध्ये मतदान घेतलं की तीन-दोन होतं. पुढच्या वेळी तेच तीन, तेच दोन. वर्षभरात ते दोघं दुसऱ्या बँडमध्ये दिसतात. नकाराच्या हक्कामुळे काही कामं हातची जातात हे खरं आहे, पण गेलेल्या कामापेक्षा गेलेला बेसवाला महाग पडतो.

पण हा हक्क कशाला लागू ते लिहून ठेवा, नाहीतर चहा कुठं प्यायचा यावरही नकार येईल. मी मुलांना चार गोष्टी सांगते: कोणतं गाणं रेकॉर्ड करायचं, कोणाबरोबर करार करायचा, जाहिरातीला गाणं द्यायचं का, आणि बँडमध्ये नवीन कोणाला घ्यायचं का. बाकी सगळं बहुमतावर किंवा ज्याच्याकडे काम दिलंय त्याच्यावर. आणि नकार देणाऱ्याकडे कारण मागायचं नाही. कारण मागितलं की वाद सुरू होतो, वाद जिंकणारा नेहमी बोलघेवडाच असतो, आणि बँडमध्ये सगळ्यात चांगला कान बऱ्याचदा कमी बोलणाऱ्याकडे असतो.

बाहेरच्यांना 'नाही' म्हणायलाही हाच नियम उपयोगी पडतो. पहिल्या अल्बमच्या वेळी आय.आर.एस. या रेकॉर्ड कंपनीनं आर.ई.एम.ला स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर एक गाणं करून बघायला लावलं. पुन्हा पुन्हा टेक, वरून सिंथेसायझर चढवलेले. चौघांनाही ते रुचलं नाही. त्यांनी मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या निर्मात्यांकडेच जायचा आग्रह धरला. ईस्टरचा स्टुडिओ आईवडिलांच्या गॅरेजमध्ये होता आणि आधीचं काम त्यांनी तिथंच केलेलं होतं. कंपनीनं ऐकलं. शार्लट शहरात १९८३ च्या सुरुवातीला 'मर्मर' रेकॉर्ड झाला, आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून तोच निवडला. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' सगळीकडे वाजत होता, हे लक्षात घ्या. कंपनीसमोर चौघं एकच बोलले म्हणून हे झालं. एकानं जरी 'बघू या की' म्हटलं असतं तर हेगचाच अल्बम झाला असता.

वाजवायचं कुठं, आणि किती वर्षं

आर.ई.एम.चा प्रवास बघा: १९८१ मध्ये एका छोट्या कंपनीकडून पहिलं गाणं, १९८२ मध्ये पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड, मग १९८३ ते १९८७ दरवर्षी एक अल्बम. अमेरिकेच्या पहिल्या दहात गाणं गेलं ते १९८७ मध्ये. म्हणजे सातव्या वर्षी. त्या सात वर्षांत ते गाडीत सामान घालून दक्षिणेकडच्या लहान गावांतून, बारमधून, पिझ्झाच्या दुकानांतून वाजवत हिंडले. न्यूयॉर्कला राहायला गेले नाहीत, मुक्काम अथेन्सलाच ठेवला.

हे मी नाशिककरांना फार आवर्जून सांगते, कारण आपल्याला मुंबईची घाई असते. पंचवटी एक्सप्रेसनं सकाळी जाता येतं, पण मुंबईतले कार्यक्रम रात्री असतात, आणि परतीची पंचवटी तोवर कधीच सुटलेली असते. मग भाड्याची गाडी, रात्रीचा कसारा घाट आणि न मिळालेलं मानधन. सुरुवातीला हा मार्ग धरू नका. संगमनेर, धुळे, मालेगाव, जळगाव, अहिल्यानगर, संभाजीनगर इथल्या कॉलेजांची गॅदरिंग बघा. तिथली मुलं स्वतःची गाणी ऐकून घेतात आणि पुढच्या वर्षी परत बोलावतात. नोव्हेंबरातच विद्यार्थी प्रतिनिधींना फोन करा. जानेवारी उजाडेपर्यंत ऑर्केस्ट्रा ठरलेला असतो.

उघड्यावर वाजवायचं असेल तर रात्री दहाला बंद, हे आयोजकावर सोडू नका. गाण्यांची यादी साडेनऊला संपेल अशी करा. शेवटचं गाणं हेच तुमचं सगळ्यात चांगलं गाणं असतं, आणि पोलिसांची गाडी आली की तेच राहतं.

गाणी कशी ऐकायची

'मर्मर' आधी बेस आणि ड्रम्ससाठी ऐका. स्टाइपचे शब्द तिथं नीट कळत नाहीत, त्याची काळजी करू नका. बिल बेरी काय वाजवत नाही ते ऐका. आपल्याकडचे बरेच ड्रमर ढोल-ताशा पथकातून येतात. हात इतका तयार असतो की बघत राहावं, पण खोलीत चौघांबरोबर वाजवताना तो हात आवरायची सवय लागलेली नसते. भाद्रपद संपल्यावर आलेल्या प्रत्येक ड्रमरला मी हा अल्बम आठवडाभर ऐकायला लावते.

त्यानंतर पीटर बकची गिटार. तो सोलो जवळजवळ वाजवतच नाही. कॉर्डचे सूर सुटे करून छेडत राहतो, त्यामुळे मिल्सच्या बेसला चालीत फिरायला जागा मिळते. एक महिना सोलोशिवाय काढून बघा. तुमच्या बेसवाल्याकडे सांगण्यासारखं बरंच काही निघेल.

मग १९९१ चा 'आउट ऑफ टाइम'. तोवर त्यांना ठरावीक वाद्यांचा कंटाळा आला होता आणि त्यांनी वाद्यं आपापसात बदलली: ड्रमर बेसवर, बेसवाला ऑर्गनवर. बकनं मँडोलिन विकत घेतलं होतं आणि ते तो शिकतच होता. टीव्ही बघता बघता वाजवलेलं टेपवर आलं आणि त्यातून 'लूझिंग माय रिलिजन' निघालं. त्यात नेहमीसारखं ध्रुवपद नाही, म्हणून कंपनीला ते पहिलं गाणं म्हणून द्यायला धाकधूक वाटत होती. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी केलेला त्याचा व्हिडिओ एमटीव्हीचा त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला.

तुम्ही महिन्यातून एका शनिवारी हेच करा. माझ्या रूममध्ये एक जुनी पायपेटी आहे, ढोलकी आहे, एक युकुलेले आहे. प्रत्येकानं स्वतःला न येणारं वाद्य घ्यायचं. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं आणि बंद करायचं नाही. बोटांना सवयीच्या जागा माहीत नसल्या की ती नव्या जागी पडतात. तीन तासांत वीस सेकंद चांगले मिळाले तरी तो शनिवार कारणी लागला.

कोणी सोडून गेलं तर

याबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही, आणि म्हणून हे सगळ्यात वाईट रीतीनं घडतं.

१ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं कार्यक्रम चालू असतानाच बिल बेरी कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती. शस्त्रक्रिया झाली, तो बरा होऊन दौऱ्यावर परतलाही. त्याच दौऱ्यात मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, बेरीनं बँड सोडला आणि तो शेतीकडे वळला. सोडताना त्यानं बाकीच्यांना सांगितलं होतं, की माझ्या जाण्यानं बँड मोडणार असेल तर मी जात नाही. आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी कायमचा चौथा घेतला नाही. ड्रमर आले, बिल रीफ्लिनसारखे बरीच वर्षं राहिलेही, पण बँड तिघांचाच राहिला.

मला हा भाग त्यांच्या सगळ्या यशापेक्षा मोठा वाटतो. जाणाऱ्याला कोणी गद्दार म्हटलं नाही, आणि जाणाऱ्यानंही मागच्यांचं नुकसान होऊ दिलं नाही. आमच्याकडे मुलाला पुण्यात नोकरी लागते, मुलीचं लग्न ठरतं, कोणी अंबडच्या कंपनीत तिन्ही शिफ्टवर जातो. यात चूक कोणाचीच नसते. तरी सहा महिन्यांनी 'माझी चाल अजून वाजवतात' अशी तक्रार येते.

म्हणून कराराच्या शेवटच्या पानावर हे लिहा. जाणाऱ्यानं किती आधी सांगायचं. ठरलेला सीझन पूर्ण करायचा की नाही. तो असताना झालेल्या गाण्यांवर त्याचं नाव आणि वाटा कायम राहतो, पण त्यानंतरच्या कार्यक्रमांच्या मानधनात वाटा नाही. बँडचं नाव राहणाऱ्यांकडे. बदली वादकाला ठरलेलं मानधन द्यायचं. समान वाटेकरी करायचं असेल तर वरचा नकाराचा नियम लागू. आजारपणासाठी वेगळं वाक्य लिहा: आजारी माणसाचा वाटा ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू. मुदत तुम्ही ठरवा, पण कोरी सोडू नका.

आणि सगळ्यांनीच थांबायचं ठरवलं तर? आर.ई.एम.नं २०११ च्या मार्चमध्ये शेवटचा अल्बम देऊन वॉर्नरचा करार पूर्ण केला, आणि मग थांबले. कोणाचं देणं बाकी ठेवून गेले नाहीत. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात चौघं, बेरीसुद्धा, एकत्र उभे राहिले आणि एक गाणं वाजवलं.

तुमचं थांबणं छोटं असेल, पण क्रम तोच ठेवा. घेतलेले कार्यक्रम पूर्ण करा किंवा अ‍ॅडव्हान्स परत करा. रेकॉर्डिंगच्या मूळ फाइल्सच्या प्रती प्रत्येकाकडे द्या, सुटे ट्रॅक्ससकट. नुसतं तयार झालेलं गाणं देऊन भागत नाही. वहीचं प्रत्येक पान स्कॅन करा. खात्यातून आधी देणी भागवा, मग उरलेलं वाटा. आणि गाणी ज्या वितरकामार्फत ऑनलाइन टाकली आहेत त्याची वार्षिक फी पुढं कोण भरणार हे खातं बंद करायच्या आधी नक्की करा. फी थकली की काही वितरक गाणी उतरवतात. त्या माणसाचं नाव, लॉगिन आणि फीची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.